अपूर्ण म्हणजे नापास नव्हे

(पक्षाच्या विद्यार्थी व शिक्षक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

सत्र संपत आले की महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर एक यादी लागते. ज्यांची हजेरी भरली नाही, ज्यांची प्रयोगवही प्रमाणित झाली नाही, ज्यांनी प्रकल्प वेळेत दिला नाही, अशांची टर्म नामंजूर झाल्याची ती यादी असते. त्यानंतर काही आठवड्यांनी दुसरी, निकालाची यादी लागते. दुसऱ्या यादीवर वर्तमानपत्रांतून लिहिले जाते, टक्केवारीची चर्चा होते, गुणवंतांचे सत्कार होतात. पहिल्या यादीबद्दल कोणी बोलत नाही. तीत ज्यांची नावे असतात ते बहुधा मुकाट्याने घरी जातात, आणि त्यांतले कित्येक परत येत नाहीत.

या दोन याद्यांतील फरक हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. एखाद्याने अभ्यासक्रम पुरा केला, परीक्षा दिली आणि तो उत्तीर्णतेच्या पातळीला पोचला नाही, ही एक वस्तुस्थिती. एखाद्याचे काम आजारपणामुळे, बाळंतपणामुळे, मजुरीसाठी गाव सोडावे लागल्यामुळे अर्ध्यावर राहिले, ही दुसरी वस्तुस्थिती. पहिलीत ज्ञानाचे मोजमाप झालेले आहे. दुसरीत ते झालेलेच नाही. तरीही विद्यापीठाच्या हिशोबात दोहोंची किंमत एकच धरली जाते: शून्य. जे मोजलेच नाही त्याला शून्य म्हणणे हा गणिताचा दोष तर आहेच. परंतु या दोषाचा भार प्रामुख्याने कष्टकरी घरांतून आलेल्या मुलामुलींवर पडतो, आणि म्हणून तो राजकारणाचाही प्रश्न होतो.

श्रेणी कशी ठरते?

कार्यकर्त्यांना या यंत्रणेची रचना नीट ठाऊक असली पाहिजे; कारण नियमांच्या भाषेत जे बोलू शकत नाहीत त्यांना महाविद्यालयाच्या कार्यालयात कोणी दाद देत नाही. पूर्वीची पद्धत सरळ होती. शंभरापैकी गुण मिळत, त्यांची टक्केवारी निघे आणि वर्ग ठरे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ च्या सुमारास श्रेयांक पद्धतीचा आग्रह धरला आणि दहा बिंदूंचे एक कोष्टक सर्व विद्यापीठांपुढे ठेवले. त्या कोष्टकात ‘ओ’ या सर्वोत्कृष्ट श्रेणीला १० बिंदू, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८, ‘बी प्लस’ला ७, ‘बी’ला ६, ‘सी’ला ५ आणि केवळ उत्तीर्ण होणाऱ्याच्या ‘पी’ला ४ बिंदू आहेत. नापासाच्या ‘एफ’ला शून्य. आणि शेवटच्या ओळीत ‘एबी’, म्हणजे गैरहजर, त्यालाही शून्य. ‘अपूर्ण’ अशी ओळ या कोष्टकात नाही.

श्रेयांक हे विषयाचे वजन होय. सत्रभरात १५ तासांचे अध्यापन किंवा ३० तासांचे प्रात्यक्षिक म्हणजे स्थूलमानाने एक श्रेयांक. प्रत्येक विषयाच्या श्रेयांकांना त्यात मिळालेल्या बिंदूंनी गुणायचे, आलेल्या संख्यांची बेरीज करायची आणि तिला एकूण श्रेयांकांनी भागायचे, की सत्राची सरासरी निघते. सर्व सत्रांची अशीच एकत्र सरासरी काढली की विद्यार्थी ज्याला ‘सीजीपीए’ म्हणतात तो आकडा हाती येतो. नोकरीच्या जाहिरातीत, पदव्युत्तर प्रवेशात, परदेशी शिष्यवृत्तीत याच आकड्यावर चाळणी लागते.

आता एक काल्पनिक हिशोब पाहावा. एका विद्यार्थिनीला चार-चार श्रेयांकांचे पाच विषय आहेत. चार विषयांत तिला अनुक्रमे ८, ७, ७ आणि ६ बिंदू मिळाले. पाचव्या विषयाच्या वेळी ती इस्पितळात होती. पाचव्याला शून्य धरले तर बेरीज ११२ आणि भाजक २०, सरासरी ५.६. तोच विषय ‘अपूर्ण’ म्हणून बाजूला ठेवला आणि तूर्त भाजकातून काढला तर ११२ ला १६ ने भागायचे, सरासरी ७. पुढे तो विषय तिने पुरा केला आणि त्यात अगदी किमान, म्हणजे ४ बिंदू मिळवले, तरी सरासरी ६.४ होते. मुलगी तीच, बुद्धी तीच, केलेले कामही तेच. ५.६ आणि ७ यांच्यात जे अंतर पडले ते तिच्या ज्ञानामुळे पडलेले नाही. नियमाने एक रिकामी जागा कशी वाचली, एवढ्यावरून ते पडले.

काही विद्यापीठे अशा वेळी सरासरी जाहीर करीत नाहीत, निकाल राखून ठेवतात. त्यानेही विद्यार्थ्याचा लाभ होत नाही. राखून ठेवलेला निकाल घेऊन कुठेही प्रवेश मिळत नाही आणि शिष्यवृत्तीचे नूतनीकरणही अडते.

याखेरीज आणखी एक अडसर असतो. अनेक अभ्यासक्रमांत अंतर्गत मूल्यमापन आणि सत्रान्त परीक्षा या दोहोंत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. समजा, परीक्षेला ७५ आणि अंतर्गत कामाला २५ गुण आहेत आणि दोन्हींकडे ४० टक्क्यांची अट आहे. परीक्षेत ६० गुण मिळवणारा मुलगा, चाचणीच्या दिवशी नसल्यामुळे अंतर्गत कामात ८ वर थांबला, तर एकूण ६८ गुण मिळूनही तो अनुत्तीर्ण ठरतो. त्याच्या शेजारी ४० गुणांवर उत्तीर्ण झालेला दुसरा बसलेला असतो. हा नियम वाईट हेतूने केलेला नाही. सत्रभर काम व्हावे हा त्याचा उद्देश आहे. परंतु सत्रभर काम करण्याची सवड सर्वांना सारखी असते, हे त्यात गृहीत धरलेले आहे. ते गृहीतच खोटे आहे.

टर्म आणि एटीकेटी

महाराष्ट्रातल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या तोंडी असलेला एक शब्द म्हणजे एटीकेटी. एखाद्या विषयात नापास झालेल्याला पुढच्या वर्गाची टर्म भरण्याची मुभा, असा त्याचा अर्थ. मागचा विषय मागे ठेवून, ठरावीक मर्यादेत, पुढे जाता येते. ही सवलत चांगली आहे. हजारो मुलांचे वर्ष तिने वाचवले आहे, आणि एटीकेटीला हिणवणाऱ्यांनी हे विसरू नये की शिकण्याची गती सर्वांची एक नसते, हे मान्य करणारा आपल्या नियमावलीतला हा जवळजवळ एकमेव नियम आहे.

परंतु तिचा लाभ कोणाला मिळतो? ज्याची टर्म मंजूर झाली त्याला. हजेरी साधारणतः ७५ टक्के भरली पाहिजे, प्रयोगवहीवर सही झाली पाहिजे, तेव्हा टर्म मंजूर होते. ज्याची टर्मच नामंजूर झाली त्याला ते सत्र पुन्हा बसून काढावे लागते, पुन्हा शुल्क भरावे लागते. यातून एक विलक्षण विसंगती जन्माला येते. वर्गात नियमित येऊन दोन विषयांत नापास झालेला विद्यार्थी पुढच्या वर्गात जातो. आणि पहिले तीन महिने उत्तम काम करून चौथ्या महिन्यात बापाच्या आजारपणामुळे गावी गेलेला विद्यार्थी सारे काही पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. ज्याला येत नाही त्याला वाट आहे. ज्याला येते, पण ज्याचे काम अडले, त्याला नाही. नापासाला सवलत देण्याबद्दल कोणाचीच तक्रार असण्याचे कारण नाही. अपूर्णाला ती का नाकारली, एवढाच सवाल आहे.

हजेरीतली काही तूट माफ करण्याचा अधिकार प्राचार्यांना असतो, हे खरे. पण हा अधिकार कसा वापरला जातो? वैद्यकीय दाखला लागतो. ज्याच्या घराण्याचा डॉक्टर ओळखीचा त्याला दाखला तासाभरात मिळतो. ज्याच्या बापाला जिल्हा रुग्णालयाच्या व्हरांड्यात खाट मिळाली, त्याच्याजवळ बहुधा केसपेपरचा चुरगळलेला कागदच असतो. आणि मजुरीला जावे लागले, पेरणी-कापणी होती, धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी कोणी नव्हते, या कारणांसाठी दाखला देणारा डॉक्टर अजून जन्माला यायचा आहे. आजारपण हे नियमाला समजणारे कारण आहे. दारिद्र्य हे नियमाला समजणारे कारण नाही.

मेहेरबानीची परंपरा

या स्थितीची मुळे विद्यापीठांच्या जन्मातच आहेत. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली ती त्या काळच्या लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवणे हे त्यांचे काम नव्हते. परीक्षा घेणे, पास-नापास ठरवणे आणि पदव्या देणे, हे त्यांचे काम. कलकत्त्याच्या पहिल्या बी. ए. परीक्षेत, १८५८ साली, केवळ दोघे पदवीला पात्र ठरले: बंकिमचंद्र चट्टोपाध्याय आणि जदुनाथ बसू. तेही सहांपैकी पाच विषयांत चांगले उत्तीर्ण होऊन सहाव्यात जास्तीत जास्त सात गुणांनी कमी पडले होते, आणि खास कृपा म्हणून त्यांना पदवी देण्यात आली. विद्यापीठांना कृपा पहिल्या परीक्षेपासून ठाऊक आहे. कृपागुण, कृपेची मुदत, साहेबांच्या कृपेने मिळालेली माफी, ही सारी त्याच घराण्यातली. ठाऊक नाही तो विद्यार्थ्याचा हक्क.

ज्या विद्यापीठाचा कारभार जनतेच्या पैशावर चालतो त्यात जनतेची मुले कुठे आहेत, हा प्रश्न महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात विचारला होता. शेतकऱ्याच्या घामातून आलेला महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, ही त्यांची तक्रार होती. ते दार पुढे पुष्कळसे उघडले. पण दार उघडणे आणि आत आलेल्याला टिकू देणे या दोन गोष्टी आहेत. याचे भान ज्यांना होते त्यांनी नियमांचे वेळापत्रकच बदलले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. श्रम हा शिक्षणातला अडथळा न मानता त्यांनी त्याला शिक्षणाच्या आत जागा दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वर्ग सकाळचे ठेवले. विद्यार्थ्याने घड्याळाप्रमाणे बदलावे, असे न म्हणता त्यांनी घड्याळ विद्यार्थ्याप्रमाणे बदलले. सत्रपद्धतीच्या आजच्या रचनाकारांना या दोन उदाहरणांचा विसर पडला आहे.

हा विसर किती महाग पडतो हे पाहायचे असेल तर मराठवाड्यात जावे. बीड, जालना, परभणी या भागांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीसाठी कुटुंबे निघतात ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. लग्न झालेला विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी त्यात अर्धा कोयता असते. पहिल्या सत्राची परीक्षा आणि दुसऱ्या सत्राची बहुतेक हजेरी नेमकी याच महिन्यांत येते. उचल घेतलेली असताना महाविद्यालयासाठी मागे राहणे म्हणजे कुटुंबाने निम्मी मजुरी सोडून कर्जात राहणे. अशा विद्यार्थ्याच्या नावापुढे जेव्हा ‘एबी’ ही अक्षरे पडतात तेव्हा त्याचा अर्थ ‘गैरहजर’ असा होत नाही. तो अन्यत्र हजर होता, आणि तिथली हजेरी चुकवणे त्याच्या हाती नव्हते.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये पदवी व पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठी मातृत्व रजा आणि हजेरीत सवलत यांचे नियम करावेत, असे विद्यापीठांना कळवले. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून ठरावीक उत्पन्नमर्यादेतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले. दोन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. परंतु रजेच्या काळात राहून गेलेले काम पुढे कधी, कोणाकडे आणि कोणत्या अटींवर पुरे करायचे, हे नियमात लिहिलेले नसेल तर रजा कागदावर मिळते आणि वर्ष मात्र हातचे जाते.

एकाच शहरात दोन न्याय

‘अपूर्ण’ ही श्रेणी म्हणजे कोणा स्वप्नाळूची कल्पना नव्हे. अमेरिकेतील बहुसंख्य विद्यापीठांत ती कित्येक दशके आहे. तिथला सर्वसाधारण रिवाज असा: विद्यार्थ्याने सत्रातले बरेचसे काम समाधानकारक रीतीने केलेले असावे, राहिलेले काम त्याच्या ताब्याबाहेरच्या कारणाने राहिलेले असावे, काय राहिले आणि ते कधीपर्यंत द्यायचे हे शिक्षक व विद्यार्थी यांनी ठरवावे. तोपर्यंत गुणपत्रिकेवर ‘अपूर्ण’ असा शेरा राहतो आणि तो सरासरीत धरला जात नाही. मुदतीत काम आले तर रीतसर श्रेणी मिळते. आले नाही तर, बहुतेक ठिकाणी, त्या शेऱ्याचे आपोआप नापासात रूपांतर होते. त्या देशातले शिक्षण महाग आहे, कर्जाच्या डोंगराखाली तिथले विद्यार्थी दबलेले आहेत, आणि त्याचे अनुकरण करावे असे कोणी समाजवादी म्हणणार नाही. पण नापास आणि अपूर्ण यांत फरक करण्याएवढा विवेक तिथल्या नियमांनी दाखवला आहे.

इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. पवईच्या आयआयटीच्या नियमांत अपूर्ण कामासाठी वेगळी श्रेणी ठेवलेली आहे. आजारपणामुळे सत्रान्त परीक्षा हुकलेल्याला ती मिळते, आणि पुनर्परीक्षेनंतर तिच्या जागी खरी श्रेणी येते. म्हणजे याच मुंबईत, निवडक मुलांसाठी उभारलेल्या संस्थेत, ‘अपूर्ण’ म्हणजे ‘नापास’ नव्हे, हे मान्य आहे. काही मैलांवरच्या सर्वसाधारण महाविद्यालयात, जिथे कामगारांची आणि फेरीवाल्यांची मुले शिकतात, तिथे मात्र ते मान्य नाही. ज्याला आधीच सर्व सोयी आहेत त्याला नियमाची सोयही जास्त, आणि ज्याला कशाचाच आधार नाही त्याला नियमाचाही नाही. विषमता केवळ शुल्कात नसते. ती नियमपुस्तिकेच्या पोटकलमांतही असते.

नव्या धोरणाने काय बदलले?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने याचे उत्तर दिले आहे, असे सांगितले जाते. श्रेयांकांची पेढी निघाली. तिचे विनियम २०२१ साली आले. मिळवलेले श्रेयांक तिथे सात वर्षांपर्यंत जमा राहू शकतात. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते, पुन्हा आत येता येते. यातला चांगला भाग नाकारण्याचे कारण नाही. उत्तीर्ण झालेले विषय वाया जात नाहीत, हा लाभच आहे.

परंतु या पेढीत केवळ सबंध नाणे चालते, मोड चालत नाही. विषय पुरा केला तर त्याचे श्रेयांक जमा होतात. तीन-चतुर्थांश केला तर काहीही जमा होत नाही. नियमित घरातल्या मुलाचे काम सबंध असते. ज्याचे आयुष्य तुकड्यातुकड्यांनी चालते त्याचे कामही तुकड्यातच होते. अशा तुकड्यांना या पेढीत खाते नाही. दुसरा धोका याहून मोठा आहे. पूर्वी मूल शाळा-कॉलेज सोडून गेले की त्याला गळती म्हणत आणि शासनाला तिचा जाब द्यावा लागे. आता तिला ‘निर्गमन’ हे गोंडस नाव मिळाले आहे. पैशांअभावी पहिल्या वर्षानंतर थांबलेल्या मुलीच्या हातात प्रमाणपत्र ठेवायचे आणि तिने स्वेच्छेने पर्याय निवडला असे समजायचे, ही जबाबदारी झटकण्याची रीत झाली.

विद्यापीठाचा स्वतःचा निकाल

विद्यार्थ्याच्या बाबतीत मुदत म्हणजे मुदत, असे जे म्हणतात त्यांनी विद्यापीठांच्या मुदतींकडेही पाहावे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि फार तर ४५ दिवसांत, निकाल लागला पाहिजे. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, मुंबई विद्यापीठाने पुरेशी तयारी न करता उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा घाट घातला. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिकांचा प्रश्न होता. निकाल महिनोनमहिने रखडले. पुढच्या प्रवेशाच्या तारखा उलटल्या. एका मुदतीमागून दुसरी मुदत जाहीर होत राहिली. शेवटी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पण विद्यार्थ्यांचे गेलेले महिने कोणी भरून दिले नाहीत. विद्यापीठाचे काम अपूर्ण राहिले तेव्हा त्याला मुदतवाढ मिळाली. विद्यार्थ्याचे राहते तेव्हा त्याला शून्य मिळते.

२०२० च्या महासाथीत हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे वेगळ्या रूपात गेला. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्यात की नाही, यावर महाराष्ट्र शासन आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांच्यात वाद होता. २८ ऑगस्ट २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितले की परीक्षेविना अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना उत्तीर्ण करता येणार नाही. परंतु राज्याला मुदत पाळणे अशक्य असेल तर ती वाढवून मागता येईल. त्या वादात कोणाची बाजू बरोबर होती हा वेगळा विषय. पण निर्णयाचे सूत्र लक्षात ठेवण्यासारखे आहे: काम माफ नाही, वेळ मात्र मिळेल. ‘अपूर्ण’ श्रेणीची मागणी याहून वेगळे काही मागत नाही. राज्याला जे मिळू शकते ते ऊसतोड कामगाराच्या मुलाला का मिळू नये?

दोन आक्षेप

या मागणीवर दोन बाजूंनी आक्षेप येतात. पहिला असा की यामुळे दर्जा घसरेल आणि लबाड मुले फायदा घेतील. लबाडी आज होत नाही काय? वैद्यकीय दाखल्यांचा बाजार सर्वांना ठाऊक आहे, आणि त्या बाजारात गिऱ्हाईक कोण आहे हेही ठाऊक आहे. नियम मोघम असला की वशिला लागतो. नियम स्पष्ट असला की वशिल्याची किंमत उतरते. शिवाय ‘अपूर्ण’ श्रेणीत एकही गुण फुकट मिळत नाही. उरलेले काम पुरे करावेच लागते. दर्जा कामात असतो, तारखेत नसतो.

दुसरा आक्षेप डाव्या चळवळीतूनच येतो. परीक्षा आणि श्रेणी हीच मुळात वर्गीय हत्यारे आहेत. ती सुधारण्यापेक्षा मोडून टाकावीत, असे उत्साही तरुण साथी म्हणतात. त्यांचा संताप समजण्यासारखा आहे, पण त्यांनी एक गोष्ट पारखून घ्यावी. नाव झाकलेली उत्तरपत्रिका दूरच्या अनोळखी परीक्षकाकडे जाते तेव्हा विद्यार्थ्याचे आडनाव आणि त्याचे कपडे तिच्याबरोबर जात नाहीत. अंतर्गत गुण मात्र वर्गातला एक माणूस देतो, आणि त्या माणसाला आडनाव दिसते. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला लेखी आणि निःपक्षपाती मोजमाप हे कित्येकदा ढालीसारखे उपयोगी पडले आहे. मोजमाप नको, असे म्हणणे त्याला परवडणारे नाही. मोजमाप खरे हवे, कारणासह हवे आणि तपासून पाहता येईल असे हवे, हे म्हणणे परवडणारे आहे. १९८४ साली महाराष्ट्राच्या शालान्त व उच्च माध्यमिक मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुनर्मूल्यांकनाचा हक्क नाकारणारे नियम उचलून धरले होते. २०११ साली त्याच न्यायालयाने माहिती अधिकाराखाली स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. सत्तावीस वर्षांत बंद कपाट थोडे उघडले. ते आणखी उघडायचे आहे.

मागण्या आणि कार्य

तेव्हा कार्यकर्त्यांनी पुढे ठेवायच्या मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, राज्यातील सर्व सार्वजनिक विद्यापीठांच्या श्रेणीकोष्टकात ‘अपूर्ण’ ही स्वतंत्र नोंद असावी, आणि ती असेपर्यंत तो विषय सरासरीच्या भाजकात धरू नये. दुसरी, ज्या कारणांसाठी ही नोंद मिळेल त्यांत आजारपणाबरोबर मातृत्व, हंगामी स्थलांतर, कुटुंबातील मृत्यू आणि नैसर्गिक आपत्ती यांचा नावानिशी उल्लेख असावा. ग्रामपंचायतीचा किंवा साखर कारखान्याचा दाखला वैद्यकीय दाखल्याइतकाच ग्राह्य धरावा. तिसरी, काय राहिले, कधी द्यायचे आणि कोण तपासणार, हे एका पानावर लिहून त्याची प्रत विद्यार्थ्याला मिळावी. चौथी, नकार दिला तर लेखी कारण द्यावे आणि त्याविरुद्ध अपील असावे. पाचवी, या काळात शिष्यवृत्ती थांबू नये. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या जुन्या नियमावलीत आजारपणामुळे परीक्षा हुकलेल्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती, संस्थाप्रमुखाच्या खात्रीवर, पुढे चालू ठेवण्याची तरतूद होती. शिष्यवृत्ती देणाऱ्याला जे कळले ते पदवी देणाऱ्याला कळायला हरकत नाही.

सहावी मागणी शिक्षकांची आहे, आणि तिच्याविना बाकीच्या पाच पोकळ ठरतील. अपूर्ण काम पुढच्या सत्रात तपासायचे तर ते शिकवणारा शिक्षक पुढच्या सत्रात जागेवर असला पाहिजे. आज असंख्य महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरील प्राध्यापक शिकवतात. त्यांना तासागणिक मानधन मिळते, तेही उशिरा, आणि पुढच्या वर्षी नेमणूक होईल की नाही हे त्यांना माहीत नसते. ज्याची स्वतःची नोकरीच अपूर्ण आहे त्याने विद्यार्थ्याचे अपूर्ण काम कोणत्या भरवशावर स्वीकारायचे? रिक्त पदे कायमस्वरूपी भरा, ही प्राध्यापकांची मागणी आणि ‘अपूर्ण’ श्रेणीची विद्यार्थ्यांची मागणी, या एकाच लढ्याच्या दोन बाजू आहेत. त्या वेगवेगळ्या मांडल्या तर दोन्ही हरतील.

कामाची सुरुवात तालुक्यापासून करता येते. अनुदानित महाविद्यालयांना माहितीचा अधिकार लागू आहे. गेल्या पाच वर्षांत किती विद्यार्थ्यांच्या टर्म नामंजूर झाल्या, त्यांत मुली किती, कोणत्या महिन्यात त्यांची हजेरी तुटली आणि त्यांतले किती परत आले, एवढे चार प्रश्न प्रत्येक शाखेने आपापल्या भागातल्या महाविद्यालयांना विचारावेत. उत्तरे जमली की पहिल्यांदाच त्या पहिल्या यादीचा चेहरा दिसू लागेल. ती माहिती घेऊन विद्यापीठाच्या अधिसभेत आणि विद्यापरिषदेत जावे. अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे प्रतिनिधी निवडून जातात. त्या मतदारयाद्यांत कष्टकरी घरांतल्या पदवीधरांची नावे घालण्याचे काम निवडणूक जाहीर झाल्यावर करायचे नसते, ते वर्षभर करायचे असते. आणि तोवर, परीक्षेच्या हंगामात प्रत्येक महाविद्यालयाबाहेर एक टेबल टाकून, टर्म नामंजूर झालेल्या मुलांचे अर्ज लिहून द्यावेत. अर्ज लेखी असला की उत्तर लेखी द्यावे लागते, आणि लेखी नकार हे पुढच्या लढ्याचे पहिले कागदपत्र ठरते.

साथींनो, ज्या समाजात लाखो माणसांची शाळा, घर, मजुरी, औषधोपचार असे सारेच अर्ध्यावर राहिलेले आहे, तिथे अर्ध्यावर राहिलेल्या अभ्यासाला अपराध समजणारे विद्यापीठ त्या समाजाचे होऊ शकत नाही. शिकण्याची धडपड करणाऱ्याला ‘तू नापास आहेस’ असे सांगण्यापूर्वी ‘तुझे अजून एवढे राहिले आहे, ते अमुक तारखेपर्यंत पुरे कर’ असे सांगणे, हे विद्यापीठाचे पहिले कर्तव्य आहे. ते कर्तव्य त्याच्याकडून करवून घेणे हे चळवळीचे काम आहे; आणि त्या कामाची मुदत चालू सत्रापासूनच सुरू होते.